तीन आठवडे फुंकायचं नाही

लेकीच्या, पिपाणीच्या, नाकातून पाणी आलं होतं, की चूळ भरताना ते वरच्या ओठावर उडालं होतं, एवढं एकच आईला ठरवता येत नव्हतं.

काल संध्याकाळी तिने पाहिलं ते आरशात. बेसिनपाशी लेक वाकलेली, कोमट मिठाच्या पाण्याची चूळ हळूहळू तोंडात फिरवत होती, आणि मागे आई टॉवेल घेऊन उभी. बत्तीस वर्षांच्या लेकीला टॉवेल धरायला माणूस लागत नाही, पण ऑपरेशन झाल्यापासून आई काही ना काही निमित्त काढून तिच्या आसपासच असायची. लेकीने मान वर केली, आणि आरशात आईला डाव्या नाकपुडीतून खाली उतरणारी पाण्याची एक बारीक रेघ दिसली. फक्त डाव्या. ऑपरेशन डाव्या बाजूचं होतं. लेकीने झटकन मनगटाने नाक पुसलं.

"काय गं ते?"

"काय काय? सर्दी."

"सर्दी कधी झाली तुला?"

"आत्ता. तू विचारलंस तेव्हा."

असं म्हणून ती हसली, अर्ध्याच तोंडाने, कारण दुसरं अर्धं अजून सुजलेलं होतं. आईच्या हातातला टॉवेल घेतला आणि गेली. आई मात्र त्या बेसिनपाशीच राहिली. नळ नीट बंद केला, आरसा पुसला, मिठाची बरणी जागेवर ठेवली.

चूळ भरताना तोंडातलं पाणी एकाच नाकपुडीत जायला वाट नसते. असलीच, तर ती नव्याने झालेली असते.

पिपाणी हे तिचं नाव तिच्या बाबांनी ठेवलेलं. दीड-दोन वर्षांची असताना हाताला लागेल त्यात ती फुंकायची. पेनाचं टोपण, रिकामी बाटली, किल्लीचं भोक, एकदा तर बाबांच्या छत्रीची मूठ. समोरच्या दोन दातांत फट होती, त्यातून साधं बोलतानाही शीळ निघायची. बाबा वीज मंडळात मीटर रीडर होते. दिवसभर लोकांच्या जिन्याखाली वाकून आकडे टिपून घरी आले की म्हणायचे, "वाजली का पिपाणी? मग चहा टाका." तेच चिकटलं. शाळेतलं नाव शाळेत राहिलं.

आईची इच्छा होती की तिने कॉलेजात शिकवावं. आई स्वतः बी.ए., एका कॉलेजच्या लायब्ररीत बत्तीस वर्षं काढलेली. प्राध्यापक मंडळी टेबलाशी येऊन पुस्तकं मागायची तेव्हा तिला वाटायचं, आपली पोर अशीच एक दिवस चष्मा वर सरकवत येईल. पोर केमिस्ट्रीला गेलीही. दुसऱ्या वर्षाला प्रॅक्टिकलमध्ये तिच्या हातून काचेचा एक लांब कंडेन्सर फुटला, आणि सरांनी तिलाच तो घेऊन दुरुस्तीला पाठवलं, की जा, जिथे बनतो तिथून सांधून आण.

ती गेली सकाळी अकराला, आली संध्याकाळी सातला.

"इतका वेळ? काय करत होतीस?"

"बघत होते."

"काय?"

"आई, काच मधासारखी होते गं. एक म्हातारा आहे तिथे, तो ती दोन हातांत फिरवत ठेवतो, आणि तोंडात एक रबरी नळी धरून इतकं, इतकं हलकं फुंकतो..." तिने ओठ मिटून दाखवलं. "आणि तिला पोट येतं."

आईला तेव्हाच भीती वाटायला हवी होती. तेव्हा ती नुसती चिडली.

तो म्हातारा म्हणजे मास्तर. प्रयोगशाळांना लागणारं काचसामान हाताने बनवणारं त्यांचं वर्कशॉप दोन गल्ल्यांच्या बेचक्यात होतं. पुढे पत्र्याचं शटर, आत लांब बाक, बाकावर दोन बर्नर, मागे गॅसची आणि ऑक्सिजनची सिलिंडरं साखळीने भिंतीला बांधलेली, कोपऱ्यात तयार काच हळूहळू निववायची भट्टी. पदवी हातात आल्यावर पिपाणीने पुढचा फॉर्म भरलाच नाही. ती मास्तरांकडे जायला लागली. पहिलं वर्षभर त्यांनी तिला फुंकू दिलं नाही. नुसती कांडी दोन्ही हातांनी एकसारखी फिरवायची, एक हात पुढे नाही, एक हात मागे नाही. घरी ती लाटण्याने सराव करायची. बाबा म्हणायचे, "वा, पोळी न लाटता लाटणं झिजवणारी ही पहिलीच."

आई एक दिवस तडक वर्कशॉपमध्ये गेली. बर्नर पेटलेला होता, मोठ्ठा घरघर आवाज. मास्तर जांभळट काचांचा चष्मा लावून ज्योतीत काहीतरी फिरवत होते. आई तिथल्या तिथे उभी राहून जे बोलायचं ते बोलली. माझी शिकलेली मुलगी तुमच्या या धुराड्यात घालवू नका, तिच्या डोळ्यांचं, फुप्फुसांचं वाटोळं झालं तर कोण जबाबदार, वगैरे. मास्तर मान हलवत राहिले. मग हातातलं काम भट्टीत ठेवून, ज्योत विझवून, चष्मा काढून त्यांनी शांतपणे विचारलं, "काय म्हणालात ताई? बर्नर चालू असला की मला काही ऐकू येत नाही."

सगळं पुन्हा म्हणायचं तिच्याच्याने झालं नाही. शेवटचं वाक्य तेवढं म्हणाली. मास्तर म्हणाले, "हात चांगले आहेत तिचे."

त्याला अकरा वर्षं झाली. त्यानंतर आई आणि मास्तर एकमेकांशी बोललेले नव्हते.

अकरा वर्षांत पिपाणी मात्र अशी तयार झाली की लांबलांबची माणसं हव्या त्या काचसामानाचे आराखडे घेऊन तिला शोधत यायची. स्वयंपाकघरात आईच्या फळीवर एक तेलाचं भांडं होतं, तिने केलेलं, लांब चोचीचं, एक थेंब इकडचा तिकडे न होणारं. त्याचं कौतुक आईने कधी तोंडाने केलं नाही. वापरायची मात्र तेच.

दाढांचं दुखणं याच्याही आधीचं. आणि तिथे आईची मान खाली जायची.

पिपाणी बारावीला होती. परीक्षा तीन आठवड्यांवर, आणि वरची डावी दाढ ठणकायला लागली. दातांचे डॉक्टर म्हणाले, वाचवता येईल, चार-पाच खेपा घालाव्या लागतील. आई म्हणाली, "चार-पाच खेपा आत्ता कुठून आणू? काढूनच टाका. मागची दाढ आहे, कुणाला दिसतेय?" दोन वर्षांनी शेजारच्या दाढेचं तेच झालं, आणि आईने तेच वाक्य म्हटलं. पुढे पिपाणी एक काढता-घालता येणारा दोन दाढांचा तुकडा वापरू लागली. फुंकताना तो हलायचा म्हणून वर्कशॉपमध्ये खिशात ठेवायची. जेवायची उजव्या बाजूनेच. हळूहळू उजवी बाजूही कुरकुरायला लागली.

म्हणून यंदा ती स्वतःहून गेली. आता पक्के दात बसवायचे, हाडात स्क्रू घालून. आई सोबत होती. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, मृदू बोलणाऱ्या. त्यांनी पडद्यावर जबड्याचा स्कॅन लावला आणि पेनाचं टोक एका जागी टेकवलं.

"दाढा काढून किती वर्षं झाली?"

"पंधरा," पिपाणी म्हणाली.

"हं. दात गेला ना, की त्या जागच्या हाडाला काही काम उरत नाही. काम नसलं की ते विरत जातं. हे बघा, इथे जेमतेम चार मिलिमीटर उरलंय. स्क्रू धरणार कशाला?"

आई त्या पडद्याकडे बघत होती. उजवीकडे हाड जाड, पांढरं, भरीव. डावीकडे वाळूचा बांध वाहून गेल्यासारखं. तिला वाटलं, इथे आपली सही आहे.

डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं. वरच्या जबड्याच्या लगेच वर, गालाच्या आत, हवेची एक पोकळी असते, तिला सायनस म्हणतात. पोकळीच्या तळाशी एक नाजूक पडदा असतो. तो पडदा न फाडता अलगद उचलायचा आणि त्याच्याखाली हाडाचे बारीक दाणे भरायचे. सहा-आठ महिन्यांत त्या दाण्यांभोवती तिचं स्वतःचं हाड तयार होतं. मग स्क्रू, मग दात.

"पडदा केवढा जाड असतो?" आईने विचारलं.

"अंडं सोलताना आत पापुद्रा लागतो ना? तेवढा."

पिपाणीचे डोळे चमकले. "म्हणजे पातळ फुगा गरम असताना तळाने उचलायचा. जमतं ते," ती म्हणाली. डॉक्टरीणबाईंना काही कळलं नाही, पण त्या हसल्या.

पुढे त्यांनी काय काय करायचं नाही याचा कागद दिला आणि वाचूनही दाखवला. तीन आठवडे नाक शिंकरायचं नाही. शिंक आली तर तोंड उघडं ठेवून द्यायची. नळीने काही प्यायचं नाही. फुगे फुगवायचे नाहीत. तोंडात किंवा नाकात हवेचा दाब येईल असं काहीही नाही, नाहीतर पडदा फाटतो, दाणे पोकळीत शिरतात, तिथे पू होतो, आणि सगळं उपसून काढावं लागतं. मग त्यांनी मान वर करून विचारलं, "तुम्ही वाद्य वगैरे वाजवता का? बासरी, माउथ ऑर्गन?"

"नाही," पिपाणी म्हणाली. "वाद्य नाही."

"काम काय करता?"

"काचकाम."

"धूळ उडते का फार, काच कापताना?"

"छे, धूळ अजिबात नाही."

एकही शब्द खोटा नव्हता. आई शेजारच्या खुर्चीत बसलेली होती. तिने तोंड उघडलं, तोवर पिपाणीचा बूट टेबलाखाली तिच्या चपलेवर टेकला. जोरात नाही, नुसता टेकला. लहानपणी पाहुण्यांसमोर आई तिला गप्प करायची ते असंच.

आणि आई गप्प बसली.

बाहेर जिन्यात ती फणफणली, "का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर म्हणाल्या असत्या सहा महिने काम बंद. मला माहितेय ना यांचं. मी तीन आठवडे सुट्टी घेते गं. कागदावर तीनच लिहिलंय. आईशप्पथ."

"माझी शप्पथ मलाच घालतेस?"

"मग दुसऱ्या कुणाची आई आणू?"

आईला हसू आलं होतं. त्या हसण्याचं आता तिला सगळ्यात जास्त वाईट वाटत होतं.

ऑपरेशन गुरुवारी झालं. पहिले चार दिवस पिपाणी गुणी बाळासारखी राहिली. बर्फ लावला, गोळ्या घेतल्या, दोन उशा घेऊन झोपली. दुधात भिजवलेला पाव खाताना म्हणाली, "बाबा, तुमची कवळी आणि माझा जबडा, दोघांना एकाच ताटात वाढा." पाचव्या दिवशी ती म्हणाली, नुसती जाऊन बसते, आराखडे बघते. सातव्या दिवशी तिच्या शर्टाला तो वास होता, तापलेल्या काचेचा आणि गॅसचा. आईने विचारलं तेव्हा तिने सगळं सांगितलं.

एका संशोधन संस्थेचं काम होतं. दुहेरी भिंतीची सहा मोठी भांडी, आतलं बाहेरच्यात एका कड्यावर जोडलेलं, मधली हवा काढून टाकलेली. असलं भांडं करायला घेतलं की मध्ये थांबता येत नाही. दोन्ही भिंती एकसारख्या तापलेल्या राहायला हव्यात, सतत फिरवायचं, सतत फुंकर घालून आकार सांभाळायचा. थांबलं की काच तडकते. मास्तर आता त्र्याहत्तरचे होते. गेल्या थंडीपासून त्यांना दोन जिने चढले तरी दम लागायचा.

"मी नाही फुंकलं तर ते फुंकतील," पिपाणी म्हणाली. "आणि त्यांना ते झेपणार नाही. परवा नळी तोंडात धरून ते बाकावर असे वाकले, मला वाटलं संपलं."

"त्यांना सांगितलंस का, तुझं काय ऑपरेशन झालंय?"

"दाढेचं झालं म्हणून सांगितलंय."

"दाढेचं!"

"अगं, दाढेचंच आहे ना? आणि मी छातीने नाही फुंकत. गालाने फुंकते, इतकं हलकं. मेणबत्तीसुद्धा विझणार नाही. ऐक, तू जर कुणाला काही बोललीस ना, तर यापुढे मी तुला काहीही सांगणार नाही. ताप आला तरी नाही."

ही धमकी पोकळ नव्हती. ती एकदा गप्प झाली की काय होतं, ते आईला माहीत होतं. मास्तरांवरून भांडण झालं त्या वर्षी ती सात महिने आईशी कामापुरतंच बोलली होती.

म्हणून आई पुन्हा गप्प बसली. डॉक्टरीणबाईंना काम ठाऊक नव्हतं, मास्तरांना ऑपरेशन ठाऊक नव्हतं. कागदावरची मनाई आणि रोजचं फुंकणं, दोन्ही ठाऊक असलेलं माणूस पिपाणीखेरीज या घरात एकच होतं, आणि ते कांदा चिरत होतं.

आज तेरावा दिवस. सकाळी पिपाणी नेहमीसारखी उठली. डाव्या डोळ्याखाली किंचित सूज होती, कालपेक्षा जास्त की कमी, ते आईला सांगता येईना. आईने तिच्या कपाळाला हात लावायचा प्रयत्न केला.

"आई, मी मीटर नाहीये."

"वास येतोय तुझ्या तोंडाला."

"सकाळी सगळ्यांच्याच येतो. बाबांचा बघ."

"माझं नाव घेऊ नका, मी पेपर वाचतोय," बाबा पेपरामागून म्हणाले.

"आज जाऊ नकोस गं. एक दिवस. माझ्यासाठी."

पिपाणीने आईचे दोन्ही दंड धरले. तिचे तळवे कायम कोरडे आणि गरम असायचे, बोटांच्या टोकांना जुन्या भाजल्याचे गुळगुळीत डाग. "आज शेवटचं भांडं. पाच झाली. हे झालं की दोन आठवडे मी या खुर्चीतून उठणारसुद्धा नाही, तू माझ्या तोंडाला बूच लाव." मग डबा घेऊन ती निघाली. जिन्यात तिने एकदा शीळ वाजवली, आणि मध्येच तोडली. अर्ध्यावर.

पुढची शीळ येते का, ते आई दारात उभी राहून ऐकत राहिली.

पावणेनऊ वाजले होते. आईने धुवायचे कपडे वेगळे करायला घेतले. पिपाणीच्या कालच्या पँटच्या खिशात रुमाल होता, चुरगळून गोळा केलेला. तो उलगडताना काहीतरी खरखरीत बोटांना लागलं. आधी तिला वाटलं मीठ. मग वाटलं काचेचा चुरा, आणि ती दचकली. खिडकीपाशी नेऊन बघितलं. वाळलेल्या गुलाबी डागात पाच-सहा पांढरे दाणे होते, जाड रव्याएवढे. काच नव्हती ती. काच चमकली असती.

ती कपड्यांच्या ढिगावरच बसली.

हे दाणे जिथे असायला हवे होते तिथे ते नव्हते. जबड्यातून ते पोकळीत गेले होते, पोकळीतून नाकात, नाकातून या रुमालात. म्हणजे पापुद्रा फाटला होता. म्हणजे कालची ती रेघ पाण्याचीच होती. आणि पोरीला हे ठाऊक होतं. रुमाल बघूनच तिने तो असा गोळा करून खिशात कोंबला होता. एवढं होऊनही आज ती गेली होती.

आईने एका रिकाम्या गोळ्यांच्या डबीत ते दाणे ठेवले. एक खाली पडला. तो ती फरशीवर गुडघे टेकून शोधत राहिली, जसा काही तो सापडला तर परत बसवता येणार होता.

बाबा दारात आले. "काय हरवलं?"

तिने डबी दाखवली, रुमाल दाखवला, सगळं सांगितलं. बाबांनी चष्मा कपाळावर ढकलून डबीत बघितलं. त्यांचा चेहरा हळूहळू उतरला.

"तू नक्की... म्हणजे तुझा काळजीचा मीटर तसाही जरा जास्तच पळतो."

"हे मी मनाने केलेत का? हे दाणे?"

बाबांनी चष्मा परत नाकावर घेतला. म्हणाले, "तिला फोन कर."

"ती उचलेल आणि म्हणेल, काही नाही गं आई."

"मग डॉक्टरांना कर."

"करणारच आहे. पण त्या काय, दुपारी घेऊन या म्हणतील. साडेनऊला तिथे बर्नर पेटतो. शेवटचं भांडं, तीन-चार तास. मध्ये थांबता येत नाही, तिनेच सांगितलं मला. त्या फाटक्या पडद्यावर ती तीन-चार तास फुंकणार. दुपारी मी डॉक्टरांकडे काय घेऊन जाऊ?"

बाबा स्टुलावर बसले. "तिने शब्द घेतलाय तुझ्याकडून."

"घेतला नाही. तिने दम दिला, मी भ्याले." आई डबीचं झाकण लावत म्हणाली. "सतरा वर्षांची होती तेव्हा मी भ्याले, पेपर बुडेल म्हणून. त्या दिवशी दवाखान्यात भ्याले, ती चिडेल म्हणून. दर वेळी मी भलत्याच गोष्टीला भिते हो."

घड्याळात नऊ वाजून सात मिनिटं झाली होती.

स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतल्या बाजूने एक कागद चिकटवलेला होता. गॅस एजन्सी, इस्त्रीवाला, डॉक्टरांचा दवाखाना. सगळ्यात खाली, अकरा वर्षांपूर्वीच्या पिपाणीच्या अक्षरात: मास्तर, अडीअडचणीला. तो नंबर आईने कधी लावलेला नव्हता. त्याच्यावर तेलाचा एक पिवळा ठिपका पडला होता, पण आकडे वाचता येत होते.

तिने त्या म्हाताऱ्याचा विचार केला. हे ऐकल्यावर तो पिपाणीच्या हातातून नळी काढून स्वतःच्या तोंडात धरील का? धरील, तसाच माणूस आहे. तर मग तेही सांगायचं. तुम्हीही फुंकायचं नाही म्हणायचं. सहावं भांडं होणार नाही, त्या संस्थेला काय वाटायचं ते वाटो. पिपाणी संध्याकाळी येईल, तोंड फिरवून खोलीत जाईल. सात महिने बोलणार नाही, कदाचित वर्षभर. आईने ते वर्ष डोळ्यांसमोर आणून बघितलं. ताटं वाढतानाची शांतता, दाराचा आवाज, "हो" आणि "नाही". मग तिने दुसरं चित्र बघितलं, गालाच्या आत पू भरलेला, डोळा मिटलेला, पोर पलंगावर, आणि आपण शेजारी बसून म्हणतोय की मला माहीत होतं.

नऊ वाजून सोळा.

बाबांनी विचारलं, "मी बोलू का?"

"नको. भांडण माझं आहे त्यांच्याशी."

डॉक्टरीणबाईंचं कार्ड तिने फोनशेजारी काढून ठेवलं. आधी मास्तर, पलीकडे बर्नर पेटायच्या आत, आणि डॉक्टरीणबाई त्यांच्या लगेच मागून. मग कपाटाचं दार उघडं धरून, बोट आकड्यांवरून फिरवत तिने नंबर लावला. एकेक आकडा मोठ्याने म्हणत. बाबा तिच्यामागे येऊन उभे राहिले, आणि त्यांनी दार धरलं, तेव्हा कुठे तिचा एक हात मोकळा झाला.

घंटा वाजायला लागली. एकदा. दोनदा. तिने कान देऊन त्या घंटेच्या मागचं ऐकायचा प्रयत्न केला, जसं काही इथून तिला घरघर ऐकू येणार होती. तीनदा. चौथ्या घंटेला खरखर झाली आणि एक दमलेला आवाज म्हणाला, "बोला."

मागे शांतता होती. बर्नर अजून पेटलेला नव्हता.

"मास्तर, मी पिपाणीची आई," ती म्हणाली. "आधी माझं सगळं ऐकून घ्या. आज तुम्हाला ऐकू येतंय."